खरकट्याचं कपाट

मिस्त्रीने यंत्राच्या तळात कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं, मोबाइलच्या उजेडात एकदाच बघितलं आणि शहारून सिंकमध्ये भिरकावलं.

‘‘कॉकरोच है, अंकलजी. मरा हुआ.’’

आईने चष्मा पुसला, सिंकमध्ये डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, हे तर परवाच्या सारातलं आमसूल.’’

नोएडात उभं राहून आमसूल म्हणजे काय हे हिंदीत सांगणं सोपं नाही. ‘एक फल होता है’पासून मी सुरुवात केली. ‘उसका छिलका, सुखाया हुआ, काला, खट्टा’ इथपर्यंत आलो तोवर मिस्त्री नुसता ऐकत होता. ‘दाल में डालते हैं’ म्हटल्यावर त्याने एकदा सिंककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बायकोने पुढे केलेला चहा ‘अभी पी के आया हूँ’ म्हणून परत केला.

आमसुलाच्या पाठोपाठ निघाला एक चिंचोका. तो मात्र त्याने ओळखला. पाणी उपसून टाकणाऱ्या पंपाच्या पात्यांत तो असा काही रुतून बसला होता की तीन दिवस आमचं यंत्र पोटात गढूळ पाणी घेऊन नुसतं कण्हत होतं. मिस्त्रीने तो उचकटला, पाती बोटाने फिरवून पाहिली, तीनशे रुपये घेतले आणि जाताना दारात वळून विचारलं, ‘‘मशीन बहुत पुरानी है, अंकलजी. बेच क्यों नहीं देते?’’

हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. पहिल्या दिवशीही तो होता, फक्त तेव्हा त्याचं रूप ‘घेता कशाला?’ असं होतं.

डिशवॉशर आमच्याकडे आला २००९ साली. दिल्लीत परदेशी वकिलातींमधली कुटुंबं तीन-चार वर्षांनी बदलून जातात आणि जाण्याआधी घरातलं सामान विकून टाकतात. वसंत विहारमधल्या अशाच एका घरी मी खरं तर पुस्तकांचं कपाट बघायला गेलो होतो. कपाट माझ्या आधीच कोणीतरी नेलं होतं. दिल्लीपर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतायचं, हे आपल्याकडे एकदा झालं तेवढं पुरे, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या पेटीकडे बोट दाखवलं. साडेसहा हजाराला सौदा झाला. वर दीड मीटर नळी फुकट.

‘‘जी वस्तू जर्मन माणूस जाताना बरोबर नेत नाही, ती आपण का घ्यायची?’’ बायकोने विचारलं. बायको बँकेत आहे. तारण बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही.

यंत्राबरोबर माहितीपुस्तिका होती, ती नखशिखांत जर्मनमध्ये. इथे आमचं पुणेरी मूळ कामाला आलं. मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मनच्या निदान दोन पायऱ्या चढून आलेलं एकही माणूस नाही, असं घर सदाशिव-नारायणात मुद्दाम शोधावं लागतं. आमच्याकडे ते काम आत्याने केलेलं होतं, सत्तरच्या दशकात, आणि तेव्हापासून त्या भाषेचा काही उपयोग होण्याची ती वाट बघत होती. पानं स्कॅन करून मेलने धाडली. त्याच रात्री फोन आला.

‘‘लिहून घे. ‘झाल्त्स’ म्हणजे मीठ. एक किलो मीठ घालायला सांगितलंय.’’

‘‘कशात?’’

‘‘यंत्रात, अरे. तळाशी एक फिरकीचं झाकण आहे म्हणे. आणि ‘क्लारश्प्यूलर’. म्हणजे स्वच्छ... विसळणारं... तू आपलं विसळू लिही.’’

तेव्हापासून आमच्या घरात रिन्स एडला विसळू म्हणतात. वाण्याकडच्या यादीतही तसंच लिहिलं जातं.

पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, ‘‘एक किलो मीठ? भांडी घासायचीत की लोणच्यात मुरवायचीत?’’

खरी गोष्ट अशी की ते मीठ भांड्यांना लागतच नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. यंत्राच्या तळाशी एका डब्यात राळेचे बारीक मणी भरलेले असतात आणि त्या मण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. नळाचं पाणी त्यांच्यातून जाताना मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ठेवून घेतात आणि बदल्यात सोडियम देतात. हे मी चित्र काढून आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे बोहारीण.’’ यापेक्षा अचूक काही मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. जुनेर घ्यायचं, भांडं द्यायचं. बोहारणीचं बोचकं जुनेरांनी भरलं आणि पाटीतली भांडी संपली की तिला परत जाऊन पाटी भरून आणावी लागते. तसंच मण्यांचं सोडियम संपत आलं की यंत्र त्यांच्यावरून मिठाचं पाणी फिरवतं. मणी पुन्हा सोडियम घेऊन बसतात, कॅल्शियम गटारात जातं. मीठ लागतं ते एवढ्यासाठी. पण ते जाड हवं आणि शुद्ध हवं. जेवणातलं बारीक मीठ त्या डब्यात गच्च बसतं, आणि खडेमिठात स्वतःचंच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. म्हणजे बोहारणीच्या पाटीत भांड्यांच्या जागी जुनेरंच भरून द्यायची.

तेव्हा तसं मीठ मला मिळालं आयएनए मार्केटमध्ये, जिथे वकिलातीतले लोक चीज आणि ऑलिव्ह घ्यायला येतात. शिरोड्याला १९३० साली ज्यांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या मुलखातला मी, परदेशी मिठाचा पुडा पोटाशी धरून बसने नोएडाला आलो. आईला किंमत सांगितली नाही.

मग प्रश्न आला, किती जड पाण्यावर काटा लावायचा. पुस्तिकेत पाण्याचं काठिण्य जर्मन अंशांत मोजलेलं होतं. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १४ अंशांच्या पुढे गेलं की जर्मन लोक पाण्याला ‘कठीण’ म्हणून मोकळे होतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. ६०० म्हणजे जवळजवळ ३४ जर्मन अंश. त्यांचं ‘कठीण’ जिथे सुरू होतं तिथून पुढे आपलं ‘चालतंय की’ आणखी वीस अंश चालतच राहतं. यंत्राच्या मालकीणबाईंनी जाताना पाणी तपासायच्या दोन पट्ट्या दिल्या होत्या. पट्टीवर चार हिरवे चौकोन. पाणी जितकं जड तितके जास्त चौकोन लाल होणार. मी पट्टी पाण्यात बुडवून काढली. चारही लाल. दुसरी बुडवली. तीही लाल. आत्याला फोन केला. ती म्हणाली, ‘‘चारच्या पुढचं पुस्तिकेत काही नाही रे.’’

तरी हे सरसकट खरं नाही. नोएडाचं पाणी दोन घरचं आहे, एक गंगेचं आणि एक बोअरचं. हरिद्वारहून निघणारा वरचा गंगा कालवा, प्रोबी कॉटली या इंग्रज इंजिनिअरने बांधलेला आणि १८५४ साली वाहता झालेला, त्याचं पाणी गाझियाबादला शुद्ध होऊन आमच्याकडे येतं. इथे सगळे त्याला सरळ ‘गंगाजल’ म्हणतात. प्लंबरसुद्धा. ‘आज गंगाजल का प्रेशर कम है जी.’ आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हातातलं काम टाकून बाहेर आली. आमच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू आहे. तो कधी फोडायचा आणि कोणासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आणि इकडे त्याच गंगेने खरकटी भांडी! दोन दिवस तिने यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. ‘‘नळाला आली की ती नगरपालिकेची,’’ ती म्हणाली. नोएडात नगरपालिका नाही, प्राधिकरण आहे, हे मी सांगत बसलो नाही.

खरी मेख पुढे आहे. हा कालवा दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला साफसफाईसाठी बंद करतात आणि दिवाळीला सोडतात. म्हणजे चकल्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे हे सगळं ज्या दिवसांत होतं, घरातली प्रत्येक परात आणि प्रत्येक झारा ज्या दिवसांत तुपातेलाने माखतो, नेमके तेच दिवस आमचं यंत्र बोअरच्या पाण्यावर काढतं. पहिल्या दिवाळीला काचेचे पेले असे निघाले की पाहुण्यांना वाटलं आम्ही ताक देतोय.

आईचा मूळ आक्षेप मात्र पाण्याचा नव्हताच. यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, हे पुस्तिकेचं आणि बायकोच्या वीजबिलाचं एकमताने ठरलेलं. तीन माणसांच्या घरात ते भरायला दीड दिवस लागतो. ‘‘म्हणजे दीड दिवस खरकटी भांडी कपाटात कोंडून ठेवायची?’’ आईने विचारलं. रात्री मोरीत एक चमचा खरकटा राहिला तर जिला झोप येत नाही, तिच्या घरात आता खरकट्याला दार होतं, कडी होती, स्वतंत्र दिवा होता. ‘खरकट्याचं कपाट’ हे नाव तिनेच दिलं. गणपतीत ती त्याच्यावर चादर टाकते.

भांडी लावणं ही वेगळी विद्या आहे. खालचा कप्पा म्हणजे तसं आपलं ताटाळंच. पण तो जर्मन सपाट बशांच्या मापाने केलेला. आपलं काठाचं ताट एका खाचेत मावत नाही, दोन अडवतं. वाट्यांची तर वेगळीच कहाणी. आपली स्टीलची वाटी उपडी घाला आणि तिच्या बुडाकडे बघा. बुडाला एक गोल कंगोरा असतो. त्यात पाणी साचतं. दोन तास यंत्र गरगरतं, शेवटी कढत पाण्याने विसळतं, आतल्या उष्णतेवर सुकवतं, आणि दार उघडावं तर चोवीस वाट्यांच्या बुडांवर चोवीस तळी. फडकं घेऊन ती टिपत बसायची. वाट्या तिरक्या लावायला मी दोन वर्षांत शिकलो. लोखंडी तवा आत घालायचा नाही, त्याचं मुरलेलं तेल निघून जातं आणि गंज चढतो. पितळ-तांबं घालायचं नाही. ऍल्युमिनियम तर मुळीच नाही, कारण यंत्राच्या पावडरीत अल्कली तीव्र असते. हे शेवटचं मला कळलं ते आईचा सोऱ्या आत घालून काढल्यावर. तिच्या लग्नातला, चांदीसारखा, चाळीस दिवाळ्या चकल्या पाडलेला तो सोऱ्या काळाठिक्कर पडून बाहेर आला. हात लावला की हात काळे. आई काही बोलली नाही. ते जास्त वाईट.

ज्या बाईने हे यंत्र शोधलं तिलाही कोणाचे कष्ट वाचवायचे नव्हते. अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफाइन कॉक्रन राहत होत्या. घरी सतत मेजवान्या, घराण्यातली चिनी मातीची भांडी, आणि घासताना नोकर त्यांचे टवके उडवायचे. त्यांना कष्टाचं काही नव्हतं, टवक्यांचं होतं. पुढे नवरा वारला, मागे कर्ज ठेवून गेला, आणि बाईंनी एका मेकॅनिकला हाताशी धरून तारेचे कप्पे आणि गरम साबणपाण्याचे फवारे असं यंत्र खरोखर उभं केलं. २८ डिसेंबर १८८६ ला त्याचं पेटंट मिळालं. १८९३ चं शिकागोचं प्रदर्शन आपल्याला ठाऊक आहे ते त्यानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि स्वामी विवेकानंदांमुळे. त्याच प्रदर्शनातल्या उपाहारगृहांची भांडी बाईंची यंत्रं धूत होती. शोध बाईचा, पण ते बिघडल्यावर त्याच्यापुढे मांडी ठोकून दोन-दोन तास बसण्याचा मान मात्र पुरुषांनी घेतलाय, असं आमच्या बायकोचं निरीक्षण आहे. मी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. माझं डोकं फवाऱ्यात होतं.

कारण तो भाग खरोखर बघण्यासारखा आहे. भांड्यांवर पाणी मारणारा जो लांब हात आत फिरतो, त्याला मोटारच नसते. त्याच्या भोकांतून पाणी तिरकं सुटतं आणि सुटताना हाताला मागे ढकलतं. दिवाळीतलं भुईचक्र फिरतं तसंच. म्हणून एखादी उभी पळी कप्प्यातून खाली घसरली की भुईचक्र अडतं आणि अर्धी भांडी कोरडीच्या कोरडी. क्षारांनी भोकं बुजली तरी तेच. मग दातकोरणी घ्यायची आणि एकेक भोक मोकळं करायचं. यंत्राच्या दाराला कान लावून मी आता आजार ओळखतो. खळ्ळ-खळ्ळ, तब्येत ठीक. टक्-टक्, पळी. खळ्ळ म्हणून मग बराच वेळ काहीच नाही, आणि दारावरच्या नळाच्या चित्राशेजारी लाल दिवा, म्हणजे आत पाणी येत नाहीये. या दिव्याने मला पहिल्या वर्षी रडवलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी अक्षरशः डोक्यावर. मला वाटायचं सगळ्यात जास्त पाणी आपल्याकडे. पण दहा मीटर उंचीवरून पडलेल्या पाण्याला एक बार दाब येतो. आमच्या टाकीचं पाणी जेमतेम तीन-चार मीटर पडतं. तळमजल्यावरच्यांच्या नळाला धबधबा आणि आमच्याकडे मारुतीच्या पिंपळाला घालतात तशी धार. त्यातून नळीच्या तोंडाशी जी बोटभर जाळी असते ती वाळूने भरलेली. जाळी धुतली, सोसायटीच्या मीटिंगा अकरा झाल्या, टाकीखाली पंप बसला, दिवा विझला.

ऋतूही कळतात त्याला. जानेवारीत नळाचं पाणी हाडं गोठवतं आणि ते तापवता तापवता यंत्राला संध्याकाळ होते. जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतून पाणीच असं येतं की चहा टाकावा. त्या महिन्यात भांडी सगळ्यात स्वच्छ निघतात आणि आम्ही मात्र बादलीत पाणी भरून ते निवायची वाट बघत आंघोळीला थांबतो. वीज गेली की दोन हजार वॉटचा हीटर जनरेटरला झेपत नाही. पण आमच्या यंत्राला जुन्या पद्धतीची फिरती चकती आहे. ती असते तिथे थांबते आणि वीज आली की तिथूनच पुढे सरकते. एवढ्या एका गुणावर मी सोसायटीतल्या स्क्रीनवाल्या यंत्रांशी आजही वाद घालतो.

यंत्राला मान मिळाला तो २०२० मध्ये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बंद झालं. आमच्याकडे कामाला येणारी दीदी मूळची बंगालमधल्या मालद्याची, राहायला पलीकडच्या वस्तीत. तिला सोसायटीच्या फाटकातून आत सोडेनात. तोवर मला कायप्पावर विनोद पाठवण्यापलीकडे न ओळखणारे शेजारी दारात, दोन मीटर लांब उभे राहून, माझ्या यंत्राचा आवाज ऐकू लागले. समोरच्या भाईसाहेबांनी तर ‘बेचोगे?’ म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. तोंडावर मास्क असल्यामुळे माझं हसू दिसलं नाही, हे दुःख अजून आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं. पाणी येत होतं, पण फवारा सुटेना. दाराला कान लावला. नवा आवाज होता. घुंऽऽऽ, आणि बस्स. मोटार जोर करत होती पण तिला पहिली गिरकी घेता येत नव्हती. कुठलाही मिस्त्री येणार नव्हता. मी समोरच्या भाईसाहेबांना हे कौतुकाने नव्हे, त्यांच्या सूडबुद्धीला थोडं समाधान मिळावं म्हणून फोनवर सांगितलं, आणि ते पटकन म्हणाले, ‘‘कंडेन्सर गया होगा. कूलर का लगा दो.’’

दिल्लीत ज्याने चार उन्हाळे काढलेत त्याला कूलरची मोटार, पंप, गवताची जाळी, कंडेन्सर हे सगळं औषधाच्या गोळ्यांसारखं माहीत असतं. मोटारीला पहिली गिरकी घ्यायला बळ देतो तो हा कंडेन्सर, काडेपेटीएवढा. यंत्राचा प्लग काढला, तळातलं पाणी स्पंजने टिपलं, झाकण उघडलं. जर्मन कंडेन्सरवर लिहिलं होतं चार मायक्रोफॅरड. बाल्कनीतल्या कूलरच्या कंडेन्सरवर लिहिलं होतं, चार मायक्रोफॅरड. मी कितीतरी वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलो. लावला, प्लग घातला, चकती फिरवली. खळ्ळ. आतमध्ये भुईचक्र सुटलं आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसूनच बायकोला हाक मारली. ती सिंकपाशी होती. त्या चार दिवसांतली भांडी तिने आणि आईने हाताने घासून, विसळून, पुसून मांडणीला लावलीही होती. यंत्रात घालायला घरात एकही खरकटं भांडं नव्हतं.

नवा कंडेन्सर पुढे टाळेबंदी उठल्यावर भागीरथ पॅलेसहून आणला. लाल किल्ल्यासमोर, चांदनी चौकात विजेच्या सामानाचा हा जो अजस्र बाजार आहे, ती एके काळी बेगम समरूची हवेली. या बेगमच्या पलटणी १८०३ साली आपल्या जालन्याकडे, असईच्या लढाईत, शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. आज तिथे खांबांच्या मधून वायरींची भेंडोळी लोंबतात आणि चार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर शंभराच्या आत मिळतो. इतिहासाचं हे असं होतं. असो.

दीदी परत आली ती दिवाळीच्या तोंडावर. तिची आणि यंत्राची तऱ्हा मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. ती सगळी भांडी आधी साबणाने घासायची, विसळायची आणि मग एकेक निगुतीने आत लावायची. मी म्हटलं, दीदी, नुसतं खरकटं झटकून टाकायचं, बाकी सगळं मशीन करेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जसा तो मिस्त्री आमसुलाकडे बघत होता. ‘‘ऐसे कैसे डाल दूँ, भैया? मशीन गंदा हो जाएगा.’’

गेल्या दिवाळीची गोष्ट. कालवा बंद, बोअरचं पाणी, फराळ निम्मा झालेला. पेल्यांवर पुन्हा ताक. मीठ भरलं, विसळू भरलं, तरी तेच. म्हणजे क्षार आता यंत्राच्या अंगातच बसले होते. त्यावर उपाय सायट्रिक ऍसिड, आपलं लिंबूफूल. वाण्याकडे गेलो. इथे त्याला टाटरी म्हणतात. पाव किलो मागितली तर वाणी म्हणाला, ‘‘कितने लोगों का ढोकला है, सरजी?’’ मी डिशवॉशरसाठी म्हटल्यावर त्याने पुडी बांधता बांधता आतल्या मुलाला हाक मारून माझ्याकडे बोट दाखवलं.

टाटरी घालून यंत्र रिकामं फिरवायचं, पण त्याआधी आतलं सगळं काढून साफ करायचं. मी बाह्या वर केल्या. दोन्ही भुईचक्रं काढली. गाळणी काढली, तिच्यात मोहरी, कढीपत्त्याच्या शिरा, अनारशाची खसखस आणि एक खिळा निघाला, तो कुठला ते आजतागायत कळलेलं नाही. गाळणी सिंकमध्ये घेतली, साबण लावला, जुन्या टूथब्रशने तिची जाळी आडवी घासली, उभी घासली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली. चमच्यांची टोपली घासली. दाराचं रबर कोपऱ्या-कोपऱ्यांतून पुसून काढलं. तासभर गेला असेल. अंगात एक प्रकारची धुंदी होती. गॅसपाशी पाटावर बसून आई शंकरपाळे कातत होती, बायको डबे भरत होती, दीदी ओट्याला टेकून हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती.

चकल्या तळून झालेली मोठी कढई गॅसखाली जमिनीवर होती. आईने कातणं न थांबवता ती पायाने माझ्याकडे सरकवली.

‘‘हातासरशी तीही घे.’’

घेतली. बुडाचं तेल तारेच्या घासणीने निघेना, म्हणून थोडी टाटरी टाकली, वर कढत पाणी टाकलं, काठाखालचा तो चिकट पिवळा थर नखाने खरवडला. बायकोचा डबा भरायचा थांबला होता. कढई विसळून मी ती उपडी घालणार, तोच दीदीने पुढे होऊन माझ्या हातातून घेतली, दिव्याकडे धरून आतून-बाहेरून फिरवून पाहिली, आणि विचारलं,

‘‘अब मशीन में डाल दूँ?’’